स्वतःच्या अंगाचं भाडं भरणारी माणसं

प्रश्न थोडक्यात असा आहे. अमेरिकेत मुलीकडे गेलेल्या एका वाचकाने साउथ कॅरोलिना राज्यातलं चार्ल्सटन हे जुनं बंदर पाहिलं. तिथल्या संग्रहालयात गुलामांचे तांब्याचे बिल्ले मांडलेले होते. माहिती देणारा म्हणाला की शहरातले बरेच गुलाम स्वतःच काम शोधत, वेगळी खोली घेऊन राहत, मालकाला ठरलेली रक्कम देत आणि वरचे पैसे स्वतःकडे ठेवत. वाचक विचारतात: मग याला गुलामी कसं म्हणायचं? आपल्याकडे टॅक्सीवाला रोज मालकाच्या हातावर ठरलेले पैसे ठेवतो आणि उरलेले घरी नेतो, तसंच नाही का हे? शहरातली गुलामी मळ्यावरच्यापेक्षा सौम्य होती का? आणि असाच एक बिल्ला ऑनलाइन विकत मिळतोय, तो घ्यावा का?

बिल्ल्याचं शेवटी सांगते. आधी टॅक्सी.

तुमचं उदाहरण चांगलं आहे, कारण गाडं कुठे अडतं ते त्यातच दिसतं. टॅक्सीवाला गाडीचं भाडं देतो. पटलं नाही तर किल्ली मालकापुढे टाकून घरी जातो. चार्ल्सटनच्या सुताराकडे किंवा हमालाकडे मालकाची गाडी नव्हती. तो भाडं भरत होता ते स्वतःच्या अंगाचं. गाडीही तोच, चालवणाराही तोच. शिवाय वर्षभर पै न्‌ पै चुकती केली, तरी मालकाचं कर्ज थकलं किंवा मालक वारला, की वाटणीत घोड्यागाडीबरोबर त्याचंही नाव यादीत यायचं.

मी जुन्या इमारतींच्या संवर्धनाचं काम करते. इतिहासकारांची सुरुवात कागदांपासून होते, आमची भिंतींपासून. चार्ल्सटनमध्ये मी दोन हंगाम मोजमापांचं काम केलं, त्यामुळे हे उत्तरही घरापासूनच सुरू करते. हे शहर समजायला मला त्याचा उपयोग झाला. पुस्तकात 'गुलामांना हिंडण्याफिरण्याची बरीच मोकळीक होती' असं एक वाक्य येतं आणि आपण पुढे जातो. मोजपट्टी घेऊन परसात उभं राहिलं की ही मोकळीक नेमकी किती फूट रुंद होती ते कळतं.

शहराची ठेवण आधी डोळ्यांसमोर आणा. अ‍ॅशली आणि कूपर या दोन नद्यांच्या मधली जिभेसारखी जमीन, पुढे समुद्र. वसाहत १६७० ची, या जिभेवर ती हलली १६८० मध्ये. आजूबाजूला भाताची खाचरं, काही काळ नीळ, नंतर कापूस. हे सगळं पिकवलं ते आफ्रिकेतून धरून आणलेल्या माणसांनी. आज जी अमेरिका आहे, तिथे जहाजांतून आणलेल्या आफ्रिकी माणसांपैकी सुमारे ४० टक्के याच बंदरातून आत गेली, असं सर्वसाधारणपणे मानलं जातं. १८२० च्या जनगणनेत शहराची वस्ती २४,७८० होती. त्यात गोरे १०,६५३, गुलाम १२,६५२ आणि स्वतंत्र कृष्णवर्णीय १,४७५. म्हणजे निम्म्याहून जास्त शहर गुलाम होतं, आणि कृष्णवर्णीय सगळे मिळून गोऱ्यांपेक्षा साडेतीन हजारांनी जास्त. पुढचं सगळं वाचताना हा आकडा लक्षात असू द्या. घराच्या भिंती, रात्रीची घंटा, तांब्याचा बिल्ला, सगळं या आकड्याच्या भीतीतून आलेलं आहे. आणि या माणसांवाचून शहर एक दिवसही चालत नव्हतं, हे त्या भीतीचं दुसरं अंग.

आता घर. चार्ल्सटनचं ठरावीक घर रस्त्याकडे पाठ नाही, पण कूस करून बसतं. एका खोलीएवढी रुंदी, आत लांबवर गेलेलं, बाजूने दुमजली पडवी. रस्त्यावरचं दार उघडलं की तुम्ही घरात जात नाही, पडवीत जाता. पुण्याच्या वाड्याची सवय असलेल्या मला हे लगेच ओळखीचं वाटलं, आणि तिथेच मी फसले. वाड्यात चौक मध्ये असतो आणि घर त्याच्याभोवती. इथे मालकाचं घर पुढे, आणि मागे लांबलचक परस. परसाच्या कडेने ओळीने स्वयंपाकघर, धुण्याची जागा, तबेला, बग्गीखाना, टोकाला शौचकूप. त्यांच्या वरच्या मजल्यावर गुलामांच्या खोल्या. सगळ्याला उंच विटांची भिंत. या मागच्या इमारतींच्या खिडक्या बहुतेक करून परसाकडेच उघडतात. शेजाऱ्याकडे किंवा मागच्या गल्लीकडे कोरी भिंत. खोलीतून बाहेर पाहिलं की मालकाच्या घराची मागची बाजू दिसते, आणि मालकाच्या मागच्या खिडकीतून ती खोली. बाहेर पडायचं तर मालकाच्या घरावरून.

एलिझाबेथ स्ट्रीटवरचं एकेन-रेट हाउस पाहिलं नसेल, तर पुढच्या खेपेला नक्की बघा. १८२० चं मूळ घर, १८३० च्या दशकात विल्यम एकेनने वाढवलेलं. हा एकेन पुढे राज्याचा गव्हर्नर झाला. या घराची खासियत अशी, की मागच्या इमारतींना नंतर कुणी 'सुंदर' केलं नाही. गिलावा जिथे पडला तिथे पडलेलाच ठेवलाय. डॉर्कस आणि टॉम रिचर्डसन आणि त्यांची मुलं इथल्याच. स्वयंपाकघराच्या वरच्या खोल्यांत उभं राहिलं की दोन गोष्टी कळतात. एक, चार्ल्सटनच्या उन्हाळ्यात खाली दिवसभर चूल पेटलेली असताना वर झोपणं म्हणजे काय. दुसरी जास्त महत्त्वाची: या खोल्यांना दारं आहेत आणि काहींना स्वतःची चूल आहे. दार लोटून घेतलं की चार तास का होईना, आतलं बोलणं आतच राहत असणार. घरकामाच्या गुलामाला तेवढंही नेहमी मिळत नसे. पुष्कळांना मालकाच्या खोलीबाहेर जमिनीवरच झोपावं लागे, रात्री हाक आली तर हजर असावं म्हणून.

शहरातली बरीचशी 'किचन हाउस' आता पर्यटकांना राहायला देतात. लाकडी तुळया, उघड्या विटा, कोपऱ्यात कॉफीचं यंत्र. माझी त्यालाही हरकत नाही, रिकाम्या इमारती लवकर मरतात. पण पाटीवर 'नोकरांच्या खोल्या' असं लिहिलेलं वाचलं की चिडचिड होते. नोकराला पगार असतो.

त्या विटाही नुसत्या बघून सोडू नका. हाताने साच्यात थापून, ओल्या असतानाच उचललेल्या विटांवर बोटांचे ठसे राहिलेत. शहराभोवतीच्या नद्यांकाठी मळ्यांवर गुलाम बायका-पोरं विटा पाडत. काही ठसे इतके बारीक की माझी करंगळीही बसत नाही. परसांच्या उत्खननात मातीत निळे काचमणी आणि चाकाविना हाताने घडवलेली, कमी आचेवर भाजलेली भांडी सापडतात. मालकाच्या टेबलावर चिनी मातीची ताटं, आणि वीस पावलांवर आफ्रिकी आणि स्थानिक हातांनी घडवलेली मडकी.

भिंतीवरचे लोखंडी भाले पाहिले असतील तर त्यांचंही सांगते. किंग स्ट्रीटवरच्या माइल्स ब्रूटन घराच्या कुंपणावर अणकुचीदार लोखंडी काट्यांची आडवी रांग आहे. ती १८२२ नंतर बसवली असं सांगतात. त्या सालाकडे येतेच.

भिंत इतकी उंच असेल तर माणसं बाहेर कशी? कारण बाहेरचं काम कुणी करायचं हा प्रश्न होता. जहाजावर माल चढवणं, मासे आणणं, सुतारकी, गवंडीकाम, लोहारकाम, इस्त्री, बाळंतपणं, धुराडी साफ करणं, हे सगळं गुलाम करत. मालकाच्या घरी जेवढी कामं, त्यापेक्षा हात जास्त असले की तो त्यांना भाड्याने देई. एखादी विधवा फक्त तीन-चार गुलामांच्या भाड्यावर संसार चालवी. त्याच्या पुढची पायरी म्हणजे गुलामालाच सांगणं: काम तू शोध, मला एवढे आणून दे. कायद्याने ही गोष्ट मना होती किंवा आवळलेली होती, आणि शहरभर ती चालत होती. ज्यांनी कायदे केले, त्यांच्याच घरचं उत्पन्न त्यावर होतं, मग थांबवणार कोण?

म्हणून बिल्ला. १७८३ पासून काही वर्षं आणि मग १८०० पासून गुलामी संपेपर्यंत, भाड्याने काम करणाऱ्या गुलामासाठी मालकाने नगरपालिकेकडून दरवर्षी बिल्ला घ्यायचा. तांब्याचा पत्रा, वर भोक, त्यावर ठोकलेलं शहराचं नाव, साल, क्रमांक आणि धंदा: नोकर, हमाल, कारागीर, कोळी, फळवाली. शुल्क धंद्याप्रमाणे कमीजास्त, कारण कारागीर जास्त कमावतो. लाफार नावाचा चांदीकाम करणारा कारागीर कैक वर्षं हे बिल्ले ठोकत होता. सुरुवातीच्या काळात तर स्वतंत्र कृष्णवर्णीयांनाही बिल्ला लावावा लागे, त्यावर 'मुक्त' असा शब्द आणि स्वातंत्र्याचं चिन्ह मानली जाणारी टोपी. स्वतंत्र असल्याचा बिल्ला गळ्यात! आमच्या क्षेत्रात हसू येण्याचे प्रसंग कमी असतात, तेही असे.

बिल्ल्याकडे फक्त पहारा म्हणून पाहू नका, तो कर होता. नगरपालिकेला त्यातून पैसे मिळत, आणि गोऱ्या कारागिरांची 'आमची मजुरी पडते' ही जुनी तक्रार थोडी शांत होई. एका तांब्याच्या तुकड्यात मालकाची मिळकत, पालिकेचा महसूल आणि पोलिसाची सोय, तिन्ही बसवली होती.

रॉबर्ट स्मॉल्सचा हिशेब बघा. हा ब्यूफर्टचा मुलगा, बाराव्या वर्षी चार्ल्सटनला कामाला पाठवलेला. हॉटेलात वाढपी, रस्त्यावरचे दिवे लावणारा, गोदीत हमाल, शिडं शिवणारा, शेवटी जहाजाचं सुकाणू. तरुणपणी त्याने मालकाशी करार केला: महिन्याला १५ डॉलर तुम्हाला, वरचे माझे. हॉटेलात काम करणाऱ्या हॅनाशी लग्न केलं, दोघं एका तबेल्याच्या वर राहत. पण हॅना दुसऱ्याच्या मालकीची, आणि मूल आईच्या मालकाचं. कायदा तसाच होता. बायको आणि मुलगी विकत घ्यायची किंमत ठरली ८०० डॉलर. साठवायला लागला, त्याच्याजवळ जमले जेमतेम शंभर. तुमच्या टॅक्सीवाल्याने बायकोमुलीला कुणाकडून विकत घेतल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. पुढे उत्तर आणि दक्षिण राज्यांच्या यादवी युद्धात, १३ मे १८६२ च्या पहाटे, त्याने कप्तानाची गवती टोपी डोक्यावर घातली, 'प्लांटर' नावाचं जहाज घरच्यांसकट गोदीतून काढलं, किल्ल्यासमोर बरोब्बर ठरलेल्या शिट्ट्या दिल्या आणि ते नाकेबंदी करून बसलेल्या उत्तरेच्या आरमाराच्या हवाली केलं. हे धाडस लोकांना माहीत असतं. शिट्ट्या कशा द्यायच्या हे त्याला भाड्याच्या कामातच कळलं होतं, हे सांगायचं राहून जातं.

आता राहण्याची जागा. आज ज्याला कॅल्हून स्ट्रीट म्हणतात, त्याचं जुनं नाव बाउंडरी स्ट्रीट, म्हणजे वेशीचा रस्ता. त्याच्या पलीकडचा भाग 'नेक', जिभेचा गळा. १८४९ पर्यंत तो शहराच्या हद्दीत नव्हता. तिथे पहारा विरळ, भाडं कमी. १८३८ च्या मोठ्या आगीनंतर शहरात लाकडी बांधकामाला बंदी आली, विटांचं घर गरिबाला परवडेना. नेकमध्ये लाकूड चालत होतं. त्यामुळे स्वतंत्र कृष्णवर्णीय, गरीब गोरे आणि मालकापासून वेगळे राहणारे गुलाम सगळे तिकडे सरकले. लहान लाकडी घरं, मागे कोंबड्या, एका खोलीत दोन कुटुंबं. कोपऱ्यावर किराण्याचं दुकान, बरेचदा जर्मन किंवा आयरिश माणसाचं, मागच्या दाराने दारू. गोऱ्या बड्या लोकांच्या तक्रारअर्जांत ही दुकानं सतत येतात: आमचे गुलाम तिथे पितात, पत्ते खेळतात, चोरीचा माल विकतात. त्या तक्रारी मी दुसऱ्या बाजूनेही वाचते. अंधार पडल्यावर बसायला, बातमी ऐकायला, उधारीवर मीठ घ्यायला एक जागा होती.

बाजाराबद्दल मला सगळ्यात जास्त लिहायला आवडेल, पण ते वेगळ्या उत्तराचं काम आहे. इतकंच सांगते, अठराव्या शतकापासून भाजी, फळं, मासे, केक विकणाऱ्या बायका जवळजवळ सगळ्या कृष्णवर्णीय आणि बहुतेक गुलाम. मळ्यांवरचे लोक आपापल्या वाफ्यात पिकवलेलं होडीने आणत, या बायका ते धक्क्यावरच अडवून घेत आणि मग शहराला आपल्या भावाने विकत. वर्तमानपत्रांत गोऱ्या गिऱ्हाइकांचा त्रागा छापून येई: त्या आम्हाला उलट बोलतात, हवं त्याला स्वस्त देतात, आम्हाला महाग. दादरच्या मंडईत मासे घेतलेल्या कुणालाही हे दृश्य उभं करायला कष्ट पडणार नाहीत. फरक एवढाच, की संध्याकाळी ती हिशेब द्यायला मालकिणीपुढे उभी राही. बाजारात गिधाडं राजरोस हिंडत, मांसाचा कचरा ती खातात म्हणून त्यांना मारलं तर दंड होता. कायद्याने गिधाडाला जेवढं संरक्षण होतं, तेवढंही त्या बाईला नव्हतं.

रस्त्यावरचे नियम असे की गुलामाने रस्त्यात चिरूट ओढायचा नाही, हातात काठी धरायची नाही, मोठ्याने गायचं नाही. १७४० च्या कायद्यात तर कपडेही ठरवून दिले होते: जाडाभरडा 'निग्रो क्लॉथ', जाड लिननचं कापड, कॅलिको. हा कॅलिको शब्द आपल्या कालिकत बंदरावरून आलेला. पण रविवारच्या दुपारी शहरातली कृष्णवर्णीय माणसं रेशीम, टोप्या, हातमोजे घालून निघत, आणि गोरे लोक पुन्हा तक्रारअर्ज लिहायला बसत. शंभर वर्षं एकच तक्रार येत राहते, याचा अर्थ शंभर वर्षं कायदा पाळला गेला नाही.

वेळही बांधलेली होती. हिवाळ्यात नऊला आणि उन्हाळ्यात दहाला सेंट मायकेल चर्चची घंटा वाजे, मग पहारेकऱ्यांचा ढोल. त्यानंतर मालकाच्या चिठ्ठीशिवाय रस्त्यावर सापडलेला कृष्णवर्णीय माणूस आत. बाहेर राहणाऱ्या गुलामाचा दिवस संपायचा तो या घंटेशी.

आत म्हणजे मॅगझिन स्ट्रीटवरचं वर्कहाउस. लोक त्याला 'शुगर हाउस' म्हणत, कारण पूर्वी तिथे साखर शुद्ध करत. स्वतःच्या हाताने मारायची लाज वाटणारा किंवा शेजाऱ्यांना आवाज ऐकू नये असं वाटणारा मालक गुलामाला चिठ्ठी देऊन तिथे पाठवी, शुल्क भरी, आणि पालिकेचा माणूस फटके मारी. १८२५ मध्ये तिथे पायचक्की बसवली. माणसं तासन्‌तास पायऱ्या चढत राहणार आणि खाली मका दळला जाणार. मळ्यावर मुकादमाचा आसूड होता, शहरात ते खातंच पालिकेने चालवायला घेतलं होतं. शहरी गुलामी सौम्य होती असं कुणी म्हणालं, की मला ही शुल्काची पावती आठवते.

चर्चचं जरा सविस्तर सांगते, कारण जागेवरून झालेलं भांडण तिथेच सगळ्यात स्पष्ट दिसतं. मेथडिस्ट चर्चमध्ये कृष्णवर्णीय सभासद गोऱ्यांच्या कैक पट होते, पण बसायला वरचा सज्जा. १८१७ मध्ये गोऱ्या विश्वस्तांनी कृष्णवर्णीयांच्या दफनभूमीवर शववाहिनी ठेवायची शेड बांधायला काढली. थडग्यांवर! चार हजारांहून जास्त लोक उठून निघाले. मॉरिस ब्राउन या स्वतंत्र चांभाराच्या पुढारीपणाखाली त्यांनी वेशीबाहेर, हॅम्पस्टेड भागात स्वतःचं आफ्रिकी चर्च उभारलं. चार हजार माणसांनी गोऱ्यांशिवाय जमायची एक इमारत. त्यात गुलाम होते, स्वतंत्र होते, वाचता येणारे होते. पोलीस वरचेवर धाडी घालत, शंभराच्या वर माणसं एका वेळी धरून नेत.

त्याच चर्चात डेन्मार्क व्हीसी शिकवी. तो सुतार होता, पूर्वी गुलाम. १७९९ मध्ये सोडतीत १,५०० डॉलर लागले, त्यातले ६०० देऊन त्याने स्वतःला विकत घेतलं. बायको-मुलं मात्र गुलामच राहिली. जून १८२२ मध्ये उठावाचा कट केल्याच्या आरोपावरून त्याला आणि शेकडाभर लोकांना धरलं. बंद दाराआड खटले चालले आणि ३५ जणांना फाशी दिली. कट खरोखर किती मोठा होता, छळून घेतलेल्या जबान्यांवर किती विश्वास ठेवायचा, यावर अभ्यासकांत आजही वाद आहे. माझं मत विचाराल, तर कटाच्या आकारापेक्षा शहराने नंतर काय बांधलं आणि काय पाडलं ते बोलकं आहे. चर्च पाडलं. ब्राउन फिलाडेल्फियाला गेला आणि पुढे बिशप झाला. शहराच्या वेशीवर शस्त्रागार आणि छावणी बांधली गेली, तीच पुढे सिटाडेल ही लष्करी शाळा. बंदरात जहाज लागलं की त्यातल्या स्वतंत्र कृष्णवर्णीय खलाशांना जहाज निघेपर्यंत तुरुंगात ठेवायचा कायदा झाला. बाहेरच्या जगाची हवा लागू नये म्हणून.

१८४९ च्या जुलैत वर्कहाउसमध्ये निकोलस नावाच्या गिलावा करणाऱ्या गुलामाने उठाव केला, ३७ जण पळाले. चिडलेला गोरा जमाव दुसऱ्या दिवशी कुठे गेला? कृष्णवर्णीयांसाठी बांधल्या जात असलेल्या कॅल्व्हरी चर्चवर, ते पाडायला. तुरुंग आणि चर्च यांचा संबंध जमावाला बरोबर कळला होता. शहरातल्या बड्या लोकांनी मध्ये पडून चर्च वाचवलं, कारण त्यांच्या मते गुलामांना आज्ञाधारकपणा शिकवायला चर्च हवंच होतं.

स्वतंत्र कृष्णवर्णीयांबद्दल थोडंच, कारण प्रश्न गुलामांचा आहे. त्यांच्यात जेहू जोन्स होता. शिंपी, मग ब्रॉड स्ट्रीटवर, ऐन सेंट मायकेल चर्चशेजारी, नामांकित हॉटेलाचा मालक, गोऱ्या पाहुण्यांचं आवडतं ठिकाण. त्याच्याही मालकीचे गुलाम होते. १७९० ची 'ब्राउन फेलोशिप सोसायटी' होती, गव्हाळ रंगाच्या स्वतंत्र लोकांची. ५० डॉलर प्रवेशशुल्क, स्वतःची दफनभूमी. काळ्या रंगाच्या स्वतंत्र लोकांना त्यात जागा नाही, म्हणून १८४३ मध्ये त्यांनी वेगळी संस्था काढली. उतरंड म्हणजे काय हे मराठी वाचकाला मी समजावून सांगायची गरज नाही. पण ही सगळी प्रतिष्ठा कागदावर टांगलेली होती. १८२२ नंतर प्रत्येक स्वतंत्र कृष्णवर्णीय पुरुषाला गोरा पालक लागे. १८६० च्या ऑगस्टमध्ये पोलीस दारोदार फिरले: स्वतंत्र असल्याचा पुरावा दाखवा. पिढ्यान्‌पिढ्या स्वतंत्र म्हणून राहिलेल्या, कर भरणाऱ्या लोकांकडे नेमका तो कागद नव्हता. त्यांतल्या कित्येकांनी रांगेत उभं राहून गुलामाचा बिल्ला विकत घेतला, नाहीतर विकले गेले असते. अनेक कुटुंबं घरंदारं सोडून उत्तरेला गेली.

तर सौम्य होती का? मळ्यावरच्या माणसालाही शहर हवंसं वाटे, पळून आलेले गुलाम इथल्या गर्दीत लपत, हे खरं आहे. शहरात अक्षर शिकता येई, धंदा शिकता येई, चार पैसे साठवता येत, दुसऱ्या मालकाच्या घरातली मुलगी भेटे. पण यातलं काहीच मालकाने दिलेलं नव्हतं. शहराला बाहेर काम करणारे हात हवे होते आणि त्या हातांना डोळे, कान, पाय असतात, एवढाच सगळा मोकळेपणा. ज्या क्षणी कापसाचा भाव चढला, त्या क्षणी शहरातली माणसं मळ्यांवर विकली गेली: १८५० ला शहरात १९,५३२ गुलाम होते, १८६० ला १३,९०९. गोदीवर त्यांची जागा बरीचशी आयरिश मजुरांनी घेतली. लिलाव पूर्वी एक्स्चेंजच्या इमारतीशेजारी उघड्यावर होत. १८५६ मध्ये पालिकेने उघड्यावरची विक्री बंद केली, शहराची शोभा जाते म्हणून. विक्री थांबली नाही, चाल्मर्स स्ट्रीटसारख्या गल्ल्यांत भिंतींच्या आड गेली. तुम्ही पाहिलेलं 'ओल्ड स्लेव्ह मार्ट' हे त्यातलंच, इमारत १८५९ ची.

आणि हे फक्त तिकडचं समजू नका. सोळाव्या शतकाच्या शेवटी गोव्यात राहिलेल्या डच माणसाने, लिन्सखोटेनने, जुन्या गोव्याच्या रुआ दिरैता या हमरस्त्यावर चालणारी गुलामांची विक्री लिहून ठेवली आहे. त्यांत आफ्रिकेतून आणलेले काफ्री होते. गोव्यातली पोर्तुगीज घराणी आपले गुलाम बाहेर पाठवत, पाणी विकायला, मिठाई आणि मुरंबे विकायला, आणि त्यांच्या कमाईवर घर चालवत. बिल्ला नव्हता, पण अंगाचं भाडं होतंच. पणजीहून जुन्या गोव्याला जाताना आपण चर्चं बघतो. मीही तेच करायचे.

पुढच्या वेळी चार्ल्सटनला जाल तेव्हा बाजाराआधी गॅड्सडेन्स व्हार्फ या जुन्या धक्क्यावर जा. १८०६ पासून, गुलामांची आयात बंद होईपर्यंत, त्यांना आणणारी सगळी जहाजं तिथेच रिकामी केली जात. २०२३ पासून तिथे आफ्रिकी-अमेरिकी संग्रहालय आहे. मग अ‍ॅन्सन स्ट्रीट. २०१३ मध्ये तिथल्या सभागृहाच्या कामात पाया खणताना ३६ जणांचे अवशेष मिळाले, सगळे आफ्रिकी वंशाचे, कुणाचंही नाव नाही. २०१९ मध्ये शहरातल्या कृष्णवर्णीय लोकांनी त्यांना मिरवणुकीने पुन्हा माती दिली. तिथून मग परसं बघा. कुठल्याही जुन्या घरात गेलात की माहिती देणाऱ्याला म्हणा, दिवाणखाना नंतर, आधी मागची बाजू दाखवा.

आता बिल्ला. घेऊ नका. खरे बिल्ले थोडे आहेत आणि बरेचसे उत्खननांत किंवा मातीत सापडलेले आहेत. किमती चढल्यापासून खोट्यांचा सुळसुळाट आहे. असे धातूचे बिल्ले चार्ल्सटनखेरीज दुसऱ्या शहराचे सापडल्याचं माझ्या ऐकण्यात नाही, तेव्हा न्यू ऑर्लिन्स किंवा सवाना असं नाव ठोकलेला दिसला तर पानच बंद करा. मळ्याचं किंवा मालकाचं नाव असलेलाही नको, खऱ्यावर मालकाचं नाव नसे, पालिकेचा क्रमांक असे. जाडजूड, पितळेचा, मुद्दाम हिरवा केलेला, 'गुलाम' हा शब्द मोठ्या अक्षरांत असलेला, तर तो स्वस्तातला खेळ. खरा पातळ असतो, अक्षरं हातठोक्याने वाकडीतिकडी, धंद्याचं नाव अर्धवट उमटलेलं. आणि समजा खराच निघाला, तर तो कुठल्या परसातून, कुठल्या खोलीच्या फरशीखालून आला हे विकणारा सांगू शकणार नाही. आमच्या दृष्टीने त्या क्षणी त्याच्यावरचा क्रमांक वाचता येतो, पण माणूस हरवलेला असतो. संग्रहालयातला बिल्ला बघा, साल आणि धंदा टिपून घ्या, मुलीला म्हणावं एक फोटो काढ.